सांगोल्याची यादी कशी वाचावी

सांगोल्याचे आमदार कोण कोण झाले, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, गणपतआबा. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात इथून अकरा वेळा निवडून आले. त्यामुळे ही यादी आखूड आणि सोपी वाटते. पण ती सावकाश वाचण्यासारखी आहे.

आधी हद्द बघावी. सांगोला हा आज २५३ क्रमांकाचा मतदारसंघ आहे. २००८च्या पुनर्रचनेत २००१च्या जनगणनेचे आकडे धरले होते. राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांच्या घरात आणि जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं. सांगोला तालुका एकटा तेवढा भरत नव्हता. म्हणून आजच्या मतदारसंघात पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडलही आहे. तिथल्या शेतकऱ्याचं तहसील कार्यालय पंढरपूरला, पण त्याचा आमदार सांगोल्याचा. लोकसभेला हा सगळा भाग माढ्यात मोडतो.

मग नावं. इथे जिंकलेल्या वर्षांपेक्षा मधल्या खंडांकडे बघावं. १९७२ला आबा हरले आणि १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ला ते काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पडले. मतदार यादीच्या एका पानावर साधारण तीस नावं असतात. त्या हिशोबाने १९२ मतं म्हणजे जेमतेम साडेसहा पानं. त्यातल्या ९७ जणांनी दुसरीकडे शिक्का मारला असता, तर निकाल उलटा लागला असता. एवढ्याशा फरकाने हरलेला माणूस १९९९ला पुन्हा उभा राहिला, जिंकला आणि पुढच्या तिन्ही निवडणुकांतही टिकला.

तो का टिकला, हे कुठल्याच यादीत सापडत नाही. ते माणदेशातल्या पाण्यात शोधावं लागतं. हा कमी पावसाचा, डाळिंबाचा आणि खिलार जनावरांचा मुलूख. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आबांनी पाणी परिषदांमधून दुष्काळी तालुक्यांना समान पाणी मिळावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. दोन वेळा मंत्री होऊनही ते एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणूनच ओळखले गेले. माझ्या मते, पक्ष राज्यभर आकसत असताना सांगोल्यात लाल बावटा टिकला तो या दोन गोष्टींमुळे.

२०१९ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले आणि शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून, पुन्हा आमदार झाले. ३० जुलै २०२१ रोजी आबा गेले. २०२४ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा २५ हजारांहून जास्त मतांनी पराभव केला. हा आकडा मात्र एकटा वाचू नये. ती लढत तिरंगी होती आणि तिसऱ्या उमेदवाराने ५० हजारांच्या आसपास मतं घेतली होती. २०१९ची लढत खरी दुरंगी होती. म्हणून ७६८ आणि २५ हजार हे आकडे शेजारी मांडताना मधे ती तिसरी ओळही लिहावी लागते.