बर्फावरच्या रेघा

स्नोमोबाइल किती पळते असं विचारलं, की मालक आधी इंजिनाचे आकडे सांगतो. साडेआठशे सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, १६५ हॉर्सपॉवर. आकडे खरेच असतात. पण मिनेसोटातले हिवाळे शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये टॉर्च धरून काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. इंजिन ताकद देतं. त्यातली किती वेगात उतरायची, हे मागचं सस्पेन्शन ठरवतं.

इथे या गाडीला सगळे स्लेड म्हणतात. तिचं मागचं टोक उचलून स्टँडवर ठेवलं, की पोट दिसतं. १३७ इंच घेराचा आणि १५ इंच रुंदीचा रबरी ट्रॅक, आणि त्याच्या आत ॲल्युमिनियमचे दोन रूळ. रुळांच्या तळाला हायफॅक्स नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या. ट्रॅक त्यांच्यावरून घसरत फिरतो. रूळ गाडीला दोन आडव्या भुजांनी जोडलेले, पुढे एक आणि मागे एक. दोन्हींना शॉक आहेत. मागच्या भुजेला शिवाय जाड तारेच्या टॉर्शन स्प्रिंगा. पुढची भुजा किती खाली लोंबावी, हे लिमिटर स्ट्रॅप ठरवतो. म्हणजे छिद्रं पाडलेली नायलॉनची एक पट्टी. एवढ्या यंत्रात सगळ्यात स्वस्त भाग हाच असेल, पण शेजाऱ्याचा पहिला हात नेहमी त्याच्याकडे जातो.

कारण असं. ॲक्सिलरेटर दाबला की ट्रॅक ओढला जातो आणि त्या ओढीने पुढची भुजा रुळांचं पुढचं टोक खाली रेटते. नाक वर येतं, मागच्या स्प्रिंगा दबतात, वजन मागे सरकतं. सुटताना हे हवंच असतं. वजन ट्रॅकवर आलं नाही तर तो बर्फावर नुसता फिरत राहतो. पण शंभर मैलांच्या जवळपास तेच वर आलेलं नाक वाऱ्याला छाती देतं. हवेचा अडथळा मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर हवेसाठीच सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती हवी. तेवढे हॉर्सपॉवर इंजिनातून काढायला पैसे मोजावे लागतात आणि पिस्टनही धोक्यात येतात. नाक दोन इंच खाली आणायला एक पाना पुरतो.

चाचणी गोठलेल्या तळ्यावर होते. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि पाण्यावर स्नोमोबाइलला ताशी ५० मैलांची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची मर्यादा आहे. त्यामुळे हे काम रीतसर परवानगी काढून आखलेल्या हजार फुटांच्या पट्टीवरच चालतं. आधी गिरमिटाने भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायची. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं माणसाला चालायला चार इंच आणि स्नोमोबाइलला पाच ते सात इंच स्वच्छ, नवा बर्फ सांगतं. पट्टीवर लोक त्याहून बरंच जास्त मागतात, आणि ते योग्यच आहे. चालकाच्या जॅकेटला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेली असते. ती नसेल तर शेजारी कुणालाही सुटू देत नाही, अगदी स्वतःच्या मुलालाही.

थंडीचा इंजिनाला फायदाच होतो. उणे २० अंशांची हवा शून्य अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ आठ टक्के घट्ट असते. उंचीवर उलट घडतं. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते. आपले पर्यटक गुलमर्गला ज्या स्लेडवर बसतात, ती साडेआठ हजार फुटांच्याही वर धावते. तिच्या इंजिनात टर्बो नसेल तर पाव ताकद हवेनेच खाल्लेली असते.

वेगाचा हिशेब कागदावर सोपा आहे. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेतंय, क्लचचं गुणोत्तर एकास एक आहे, चेनकेसमध्ये, म्हणजे साखळीच्या पेटीत, वर २४ दातांचं आणि खाली ४० दातांचं चक्र आहे असं धरू. मग ट्रॅक फिरवणारा दांडा ४,८०० फेरे घेईल. त्याच्यावरच्या चक्रांना आठ दात, आणि ट्रॅकच्या दोन दातांमधलं अंतर २.८६ इंच. गुणाकार केला की ताशी १०४ मैल, म्हणजे १६७ किलोमीटर येतात. पण हा ट्रॅकचा वेग झाला. डॅशबोर्डवरचा काटा याच दांड्यावरून वाचतो, म्हणून ट्रॅक घसरला तरी काटा खूश. पहिल्या धावेत काटा १०६ सांगत होता आणि पट्टीच्या टोकाचं रडार ९८.

इंजिनाचे फेरे दाखवणारं टॅकोमीटरही इथे फारसं बोलत नाही. या गाडीला गिअर नाहीत. दोन शंकूसारख्या क्लचांमध्ये बेल्ट वरखाली सरकतो आणि इंजिनाला त्याच्या सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांवर धरून ठेवतो. इथे ते ७,९०० च्या आसपास होते. गाडी मोकळी पळो की अडकत पळो, आकडा तोच. म्हणून शेजारी क्लचचं झाकण काढतो आणि पुढच्या क्लचच्या चकचकीत तबकडीवर काळ्या मार्करने मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेघ ओढतो. धावेनंतर पुन्हा झाकण काढायचं. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंतची शाई पुसलेली असते. पहिल्या धावेनंतर कडेजवळ अर्ध्या बोटाएवढी रेघ शाबूत होती. बेल्ट वरपर्यंत पोचलाच नव्हता. इंजिन सगळं देत होतं आणि ते वाटेत कुठेतरी जिरत होतं.

कुठे, ते बर्फाने सांगितलं. गाडीच्या पुढच्या दोन स्कींच्या तळाला कार्बाईडची धार असते आणि ती बर्फावर दोन बारीक रेघा सोडते. आम्ही पट्टीवरून चालत गेलो तर सुरुवातीचा लांबच लांब तुकडा कोरा होता. तेवढा वेळ स्की अधांतरी होत्या. त्यानंतर रेघा उमटल्या त्याही तुटक तुटक. म्हणजे नाक खाली बसत नव्हतं, उडत होतं.

शेजाऱ्याने स्ट्रॅप दोन छिद्रांनी आखूड केला. पुढच्या शॉकच्या स्प्रिंगेचा ताण थोडा उतरवला आणि मागच्या टॉर्शन स्प्रिंगेचा ठोकळा एक घर कडक फिरवला. चालक बसल्यावर मागचा बंपर आधी चार इंच दबायचा, आता तीन. पुढची धाव बघायला देखणी होती, गाडी जमिनीला चिकटून गेली. रडारवर मात्र वेग घटला. रेघा सुरुवातीपासूनच होत्या आणि नखाला लागतील इतक्या खोल. आता स्की बर्फ नांगरत होत्या, शिवाय रुळांच्या पुढच्या वळणावर ट्रॅक जोरात दाबला जात होता. बोट लावलं तर तिथलं हायफॅक्स कोमट लागलं आणि जळक्या प्लास्टिकचा वासही होता. भुसभुशीत हिम असलं की तेच हायफॅक्सला वंगण पुरवतं. उघड्या बर्फावर तसं काही नसतं, म्हणून तळ्यावर पळणारे लोक रुळांना जादा चाकं लावतात, जेणेकरून भार प्लास्टिकवरून चाकांवर जावा.

स्ट्रॅप एक छिद्र मागे आला. चाकांची एक जोडी वाढली. ट्रॅकला मधोमध वजन टांगून झोळ मोजला आणि जरा सैल केला. फार घट्ट ट्रॅक ताकद खातो, फार सैल झाला तर दात उड्या मारतात. मला या कामात सगळ्यात आवडते ती ही शिस्त: बदल केला की वहीत लिहायचं, तापमान लिहायचं, आणि आधीच्या बदलांचा निकाल कळेपर्यंत पुढच्यांना हात लावायचा नाही. पन्नास वर्षं स्लेड चालवलेला हा माणूस अंदाजाने काहीच करत नाही.

या पट्ट्याच्या यंत्रामागे एक घाव आहे. १९३४ च्या हिवाळ्यात क्वेबेकमधल्या वालकूर गावी जोसेफ-आर्मान बोंबार्डिए यांचा लहान मुलगा, रस्ते बर्फाने बंद असल्याने रुग्णालयात नेता न आल्यामुळे दगावला. ते आधीपासूनच बर्फावरची वाहनं घडवत होते. १९३७ मध्ये त्यांना दातेरी चक्र आणि ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. इकडे मिनेसोटातल्या रोझो गावात पोलारिस १९५४ पासून आहे. शर्यती नंतर आल्या. आधीचा प्रश्न डॉक्टरपर्यंत पोचायचा होता.

संध्याकाळी वारा पडल्यावरची धाव रडारवर १०२ भरली. स्कीच्या रेघा थोड्या अंतरानंतर सुरू झाल्या होत्या, बारीक आणि शेवटपर्यंत सलग. क्लचवरची शाई कडेपर्यंत पुसली गेली होती, आणि धावेच्या टोकाला फेरे ७,९०० सोडून ८,१०० वर चढल्याचं चालकाने सांगितलं. बेल्टला वर जायला जागा उरली नव्हती. गाडी अजून मागत होती. आता कुठे दातांचा हिशेब बदलण्यात अर्थ होता. शेजाऱ्याने पेटीतून एक दात जास्त असलेलं वरचं चक्र काढून चेनशेजारी ठेवलं आणि वहीत लिहिलं: ‘घरी जाताना स्ट्रॅप पुन्हा लांब, स्प्रिंगा मऊ.’ तळ्यावरची ही मांडणी जंगलातल्या खाचखळग्यांच्या वाटेवर नेली तर हँडल हाताला जड होतं आणि प्रत्येक धक्का सरळ मणक्याला बसतो.