शरीराची रसायने (लेखांक ६) : स्निग्ध पदार्थ

पाण्यात न विरघळणारी, पण ईथर किंवा क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळणारी शरीरातली द्रव्ये म्हणजे स्निग्ध पदार्थ, अर्थात लिपिड. त्यांची रचना एकसारखी नाही. पाण्याशी वाकडे, एवढीच त्यांची समान खूण.

सर्वांत मोठा साठा ट्रायग्लिसराइडचा. ग्लिसरॉलच्या रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडल्या की ते तयार होते. त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थाच्या ग्रॅममधून 4. ओमानच्या वाळवंटातल्या उंटाच्या मदारीत हाच मेद असतो, पाणी नव्हे. एक ग्रॅम मेद जळला की एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी तयार होते हे खरे. पण त्यासाठी लागणारा प्राणवायू घेताना कोरड्या हवेत श्वासावाटे निदान तेवढे पाणी निघून जाते. मदारीचा फायदा वेगळाच आहे. मेद पाठीवर एकवटल्याने उरलेल्या अंगावर त्याचा जाड थर राहत नाही आणि उष्णता मोकळेपणी बाहेर पडते. माणसात तो कातडीखाली पसरून ऊब राखतो.

मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध नसले तर साखळ्या सरळ राहतात, दाटीने बसतात आणि मेद थिजतो. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते. म्हणून तेल पातळ राहते. कोकणात मिळणारी तारली ओमानच्या किनाऱ्यावरही सापडते. तिच्या तेलातल्या डीएचए या मेदाम्लात 22 कार्बन आणि 6 दुहेरी बंध असतात. मेंदूला आणि नेत्रपटलाला ते लागते, पण माणसाच्या शरीरात ते फारच थोडे तयार होते. ओमानच्या धोफार प्रांतात वाळवलेली तारली उंटांना आणि गुरांनाही चारतात. चौदाव्या शतकात तिथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने या चाऱ्याची नोंद केली आहे.

ट्रायग्लिसराइडमधल्या तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटचा गट आला की फॉस्फोलिपिड होते. त्याचे डोके पाण्याकडे ओढ घेते, शेपट्या पाणी टाळतात. असे रेणू दोन थरांत रचले जाऊन पेशीचे जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचे आवरण बनते.

कोलेस्टेरॉलची घडण निराळी, चार कड्यांची. ते स्क्वालीन या 30 कार्बनच्या रेणूपासून तयार होते. ओमानी गलबतांच्या फळ्यांना पूर्वी शार्कच्या यकृताचे तेल चोपडत. स्क्वालीन प्रथम अशाच तेलात सापडले. धोफारच्या लोबानाच्या झाडातली बॉस्वेलिक आम्लेही स्क्वालीनपासूनच बनतात. कोलेस्टेरॉलला निव्वळ शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. पेशीच्या आवरणाला ते स्थैर्य देते; पित्ताम्ले, कॉर्टिसॉल आणि लैंगिक संप्रेरके त्यापासून होतात. त्याच्या अगदी जवळच्या रेणूपासून कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व बनते.

रक्त पाणीदार असल्याने स्निग्ध पदार्थांना प्रथिनांच्या वेष्टणातून प्रवास करावा लागतो. अशा वेष्टित कणांपैकी एलडीएल यकृताकडून कोलेस्टेरॉल पेशींना पोचवते, एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणते. एलडीएल दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर ते रोहिणीच्या भिंतीत साचून वाट अरुंद करते.