चिपसंगीत आणि मींड

जुन्या घरगुती संगणकांच्या ध्वनिचिपवर रचलेल्या संगीतास ‘चिपट्यून’ म्हणतात. यंत्रस्वरांत मींड संभवत नाही, हा आक्षेप पेटीपुरता यथार्थ आहे. कारण तिच्या प्रत्येक पट्टीचा स्वर स्थिर असतो. चिपची गोष्ट निराळी. १९८२ च्या कमोडोर ६४ संगणकातील ‘सिड’ चिप एका वेळी तीनच ध्वनी काढते. परंतु प्रत्येकाची कंपनसंख्या १६ बिटांच्या आकड्याने ठरते व तीत सुमारे ०.०६ हर्ट्‌झ इतका सूक्ष्म फरक करता येतो. हा आकडा सेकंदास ५० वेळा किंचित बदलत नेला, की कानास अखंड मींड भासते. एका ध्वनीवर राग, दुसऱ्यावर आळीपाळीने षड्ज-पंचम आणि तिसऱ्यावर ठेका, अशी विभागणी पुरेशी होते.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच डिस्को तालावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या वाद्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची सोय असलेले रोलंड टीबी-३०३ होते.

चिपसंगीताच्या रचनाप्रणालींत सामान्यतः बारा स्वरांचे तयार कोष्टक असते. मर्यादा उद्भवते ती तेथे. म्हणून घरी प्रयोग करणाऱ्याने रागाच्या श्रुती प्रथम कानाने ठरवाव्यात व त्यांचे आकडे स्वतः भरावेत.