पेनड्राइव्ह चालत नाही? 'फॉरमॅट' दाबण्याआधी हे वाचा

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सणाला मामाकडे महागावला गेलो होतो. नागपूर-तुळजापूर हायवेवर बसमधून उतरलो, घरी पोचलो, हातपाय धुतले आणि चहाचा कप हातात येतोय तोच मामेभाऊ पेनड्राइव्ह घेऊन समोर उभा.

"दादा, हे पाय ना. कालपर्यंत चालत होता, आता काहीच दिसून नाही राहिलं. कम्प्युटर म्हणते फॉरमॅट करा. करू का?"

मी विचारलं, "आत काय आहे?"

तो गप्प. मामी आतून म्हणाली, "ताईच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ हायेत त्यात. आजीचा हळदीचा पण."

आजी लग्नानंतर चार महिन्यांनी गेली. तिचा चालता-बोलता व्हिडिओ तेवढाच. फोटो स्टुडिओवाल्याने दिलेला तो एकच पेनड्राइव्ह, दुसरीकडे कॉपी नाही. आणि मामेभावाचं बोट 'फॉरमॅट'च्या बटणावर!

इंजिनिअर झाल्यापासून 'पेनड्राइव्ह चालत नाही' हा फोन मला दर महिन्याला येतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

आधी समजून घ्या: पेनड्राइव्हच्या आत असतं तरी काय?

मुख्य भाग तीन. पहिला, यूएसबीचा कनेक्टर, म्हणजे पुढचं धातूचं तोंड. दुसरा, कंट्रोलर चिप. कुठला डेटा मेमरीत कुठे ठेवायचा, हा हिशोब ती सांभाळते. तिसरा, फ्लॅश मेमरी, जिथे खरा डेटा असतो. ही मेमरी जपानमधल्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. २००० च्या सुमारास पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले तेव्हा त्यांत जेमतेम ८ एमबी जागा असायची. आज एका चांगल्या फोटोलाही तेवढी लागते!

या तिघांशिवाय एक न दिसणारी गोष्ट असते, फाइल सिस्टिम. ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी असते. कोणती फाइल कुठल्या पानावर, हे त्यात लिहिलेलं असतं. अनुक्रमणिका फाटली तर पुस्तक कोरं दिसतं, पण पानं जागेवरच असतात. बहुतेक वेळा 'पेनड्राइव्ह मेला' म्हणजे एवढंच झालेलं असतं. आणि साधं फॉरमॅट म्हणजे त्या जागी नवीन, कोरी अनुक्रमणिका लावणं. म्हणून घाई करू नका.

पायरी १: सोप्या गोष्टी आधी तपासा

- दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून पाहा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट बरेचदा सैल असतात.
- दुसऱ्या कम्प्युटरवर लावून पाहा. तिथे चालला तर दोष पेनड्राइव्हचा नाही.
- तोंडात धूळ किंवा गंज दिसतोय का ते पाहा. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, पाणी लावू नका.
- फोनला ओटीजीने लावत असाल तर सेटिंगमध्ये 'ओटीजी' सुरू आहे का बघा. काही फोनमध्ये ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं.
- फक्त टीव्हीवर चालत नसेल तर कदाचित पेनड्राइव्ह ठणठणीत असेल. काही टीव्हींना फॅट३२ चालतं, पण एनटीएफएस किंवा एक्सफॅट कळत नाही. अनेक अँड्रॉइड फोनलाही एनटीएफएस वाचता येत नाही.

एक सावधानता: फोनवर 'ड्राइव्हमध्ये अडचण आहे, दुरुस्त करण्यासाठी टॅप करा' असं काही आलं तर टॅप करत सुटू नका. पुढची पायरी बरेचदा फॉरमॅटचीच असते.

पायरी २: नेमकं दुखतंय कुठे ते ओळखा

कम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या यादीत पेनड्राइव्ह शोधा. आकारावरून ओळखता येतो. आता त्याच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा:

१. सगळं ठीक दिसतं, पण ई किंवा एफ असं अक्षर नाही. हा सगळ्यात सोपा आजार. राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मध्ये जा आणि एखादं अक्षर द्या. झालं काम!

२. 'रॉ' लिहिलंय. अनुक्रमणिका बिघडली. डेटा बहुधा आत आहे. पायरी ३ कडे जा.

३. 'अनअ‍ॅलोकेटेड' लिहिलंय. पेनड्राइव्हचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत, ही नोंदच हरवली. इथेही डेटा परत मिळण्याची आशा असते.

४. 'नो मीडिया' दिसतं. कंट्रोलर जागा आहे, पण त्याला मेमरी सापडत नाही. घरचे उपाय इथे संपले.

५. यादीत काहीच नाही, लाइटही लागत नाही. कनेक्टर तुटला असेल किंवा आतला बोर्ड गेला असेल. डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडेच द्या. खर्च आधी विचारून घ्या.

आमचा पेनड्राइव्ह दुसऱ्या प्रकारातला निघाला, रॉ. कारणही कळलं. मामेभाऊ गणपतीची गाणी त्यात भरत होता आणि मधेच लाईट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. फाइल लिहिता लिहिता अनुक्रमणिका अर्धवट राहिली.

पायरी ३: आधी डेटा, मग दुरुस्ती

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. पेनड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नका. यूट्यूबवर 'चेकडिस्क' चालवा असं सांगतात, पण ते अनुक्रमणिकेत बदल करतं. कधी सुधारतं, कधी उरलंसुरलं बिघडवतं. डेटा काढून घेईपर्यंत ते नकोच.

मी जे केलं ते असं:

- 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही दोन मोफत सॉफ्टवेअर एकत्रच मिळतात. त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ती कम्प्युटरवर ठेवली, पेनड्राइव्हवर नाही.
- टेस्टडिस्कच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मेनूतून 'इमेज क्रिएशन' केलं. म्हणजे पेनड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये घेतली. पेनड्राइव्ह १६ जीबीचा असेल तर कम्प्युटरवरही तेवढी जागा लागते.
- पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवला. पुढचं सगळं काम नकलेवर. काही चुकलं तरी मूळ वस्तू शाबूत.
- 'क्यूफोटोरेक' मध्ये ती नक्कल उघडली, फोटो आणि व्हिडिओचे प्रकार निवडले आणि मिळालेल्या फाइल कम्प्युटरवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह केल्या.

फोटोरेक अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक खुणेने होते. तो त्या खुणा शोधत पान न् पान वाचतो. म्हणून रॉ पेनड्राइव्हवरही चालतो. तोटा एवढाच, की फाइलची मूळ नावं जातात आणि नुसते नंबर मिळतात. शिवाय एखाद्या मोठ्या व्हिडिओचे तुकडे वेगवेगळ्या जागी पडले असतील तर तो अर्धवट निघतो.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे एकेक फाइल उघडत बसलो. वरातीचा व्हिडिओ अर्ध्यात अडकला. तो काही पूर्ण मिळाला नाही. पण हळदीचा उघडला. आजी ताईच्या गालाला हळद लावता लावता कॅमेरावाल्याला म्हणत होती, "माह्या फोटू कायले काढतं? पोरीचा काढ." मामी पदर डोळ्याला लावून तिथेच बसली. मामेभावाने तो व्हिडिओ त्याच रात्री घरातल्या सगळ्या फोनवर पाठवला.

पायरी ४: आता फॉरमॅट करा

डेटा हातात आला की मग खुशाल फॉरमॅट करा. टीव्ही आणि जुन्या साउंड सिस्टिमसाठी फॅट३२ निवडा, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. मोठ्या व्हिडिओसाठी एक्सफॅट घ्या. फॉरमॅट करताना अक्षर दोनदा तपासा. चुकून कम्प्युटरचीच ड्राइव्ह निवडली तर नवीनच संकट.

'राइट प्रोटेक्टेड' असा मेसेज येत असेल तर बाजूला छोटं बटण आहे का पाहा. नसेल तर कदाचित मेमरी झिजल्यामुळे कंट्रोलरनेच लिहिणं बंद केलंय. फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. अशा वेळी आतला डेटा कॉपी करा आणि तो पेनड्राइव्ह निवृत्त करा.

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर फाइलचे शॉर्टकट झाले?

हा बिघाड नाही, व्हायरस आहे. तुमच्या फाइल आतच आहेत, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटीव्हायरसने स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइल दाखवा, 'प्रोटेक्टेड सिस्टिम फाइल लपवा' वरची टिकही काढा. फोल्डर दिसला की त्यातलं हवं ते कम्प्युटरवर कॉपी करून घ्या. फॉर्म किंवा हॉलतिकीट प्रिंट करायला जाताना फक्त तेवढीच पीडीएफ असलेला वेगळा पेनड्राइव्ह न्या.

आणि तो '२ टीबी'चा स्वस्त पेनड्राइव्ह?

काहीशे रुपयांत २ टीबी मिळत असेल तर समजा की फसवणूक आहे. आत मेमरी थोडीच असते, कंट्रोलर खोटा आकार सांगतो. जागा संपली की पुढच्या फाइल नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत. नवीन पेनड्राइव्ह घेतला की 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने रिकामा असतानाच तपासा. तेही डेटा भरायच्या आधी.

जाता जाता

- काढताना 'सेफली रिमूव्ह' करा. गाणी कॉपी झाली असं दिसलं तरी आत लिहिणं चालू असू शकतं.
- उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उष्णतेने मेमरीतला डेटा लवकर विरतो.
- पेनड्राइव्ह हे सामान न्यायची पिशवी आहे, कपाट नाही. जपून ठेवायच्या गोष्टीच्या निदान तीन प्रती हव्यात: एक कम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर.

आज घरी गेलात की एक काम करा. लग्नाचा, बारशाचा, आजी-आजोबांचा असा कोणता व्हिडिओ फक्त एकाच पेनड्राइव्हमध्ये आहे, ते शोधा आणि त्याची कॉपी काढा. दहा मिनिटं लागतील. आमच्याकडे ती दहा मिनिटं कोणी काढली नव्हती, म्हणून वरात अर्ध्यावरच थांबली.