वैनगंगेकाठचा खलनायक

फुलचूर म्हणजे गोंदियाला खेटून असलेलं गाव. तिथून वैनगंगा काही फार लांब नाही. आणि कार्टूनच्या दुनियेतला सगळ्यात रुबाबदार खलनायक याच नदीच्या काठचा! रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये शेरखानचा पत्ता साफ सांगितलाय: वैनगंगेजवळ. मोगलीला वाढवणारे लांडगे सिवनीच्या टेकड्यांतले, म्हणजे बालाघाट ओलांडलं की आलेच. थोडक्यात, हॉलिवूडने आपल्या शेजारचा वाघ पळवला.

पुस्तक लिहिलं गेलं ते मात्र अमेरिकेतल्या बर्फाळ व्हरमाँटमध्ये. लेखकाचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग तेव्हा जे. जे. कला शाळेत शिकवायला आले होते आणि पुढे लेकाच्या या पुस्तकातली काही चित्रंही त्यांनीच काढली.

मूळचा शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा. शिकार जमत नाही म्हणून गावातली गुरं मारणारा, आईनेच 'लंगडा' म्हणून हिणवलेला. डिस्नेने १९६७ च्या चित्रपटात ते लंगडेपण पार पुसून टाकलं. पेन्सिल होती मिल्ट काल या चित्रकाराच्या हातात आणि आवाज जॉर्ज सँडर्सचा. कालने वाघाच्या तोंडावळ्यात सँडर्सची छटा उतरवली: लांबट जबडा, उचललेली भुवई, समोरच्याला तुच्छ लेखणारी नजर. हा वाघ उगाच डरकाळ्या फोडत नाही. कमी बोलतो, हळू चालतो, काम पडलं तरच नख बाहेर काढतो. माझं विचाराल तर खरी भीती इथेच आहे. आरडाओरडा करणारा खलनायक कुणीही काढेल, निवांत खलनायक काढायला हात तयार लागतो.

आता हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. समजा, वाघाच्या अंगावर ३० पट्टे आहेत. एका मिनिटाच्या चालीसाठी २१,६०० पट्टे, तेही हाताने! एक पट्टा जरा सरकला तर पडद्यावर वाघाच्या अंगात मुंग्या सोडल्यासारखं दिसतं. म्हणून आधी 'मॉडेल शीट' बनते: तोच वाघ समोरून, बाजूने, पाठमोरा. मग मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढतो आणि मधली चित्रं सहायक भरतात. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून डिस्नेने झेरॉक्सचं तंत्र पूर्ण लांबीच्या चित्रपटात आणलं, त्यामुळे पेन्सिलची रेघ थेट पारदर्शक शीटवर उमटू लागली. शेरखानच्या कडांवर ती खरखरीत रेघ दिसते. नीट बघा.

गंमत म्हणजे, चित्रकाराला जे पट्टे डोकेदुखी, तेच वनखात्याला आधारकार्ड. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात (स्थापना २०१३) कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरूनच.

आपल्याकडे मात्र शेरखान आधी ऐकू आला. १९८९ ची निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ५२ भागांची जपानी मालिका दूरदर्शनवर हिंदीत आली आणि रविवारची सकाळ मोगलीच्या नावाने लिहिली गेली. मालिकेचं गुलजारांनी लिहिलेलं ते चड्डीवालं गाणं आजही पोरांच्या बापांना तोंडपाठ आहे. आणि मालिकेत शेरखानचा आवाज कुणाचा? मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. २०१६ च्या नव्या 'जंगल बुक'च्या हिंदी आवृत्तीतही वाघ नानांच्याच आवाजात गुरगुरला. चित्र जपान्यांनी काढावं, नंतर हॉलिवूडने संगणकावर घडवावं, पण दरारा आपल्या कोकणातला!

शेवट मात्र १९६७ च्या चित्रपटात आणि पुस्तकात वेगळा. डिस्नेचा शेरखान शेपटीला बांधलेली जळती फांदी घेऊन पळत सुटतो. पुस्तकात मोगली म्हशींचा कळप वैनगंगेच्या घळीत दोन्ही बाजूंनी सोडतो आणि वाघ खुरांखाली तुडवला जातो. शेपटीच्या आगीवर गोंदियाकडचा एखादा गुराखी हसेल. पण म्हशी एकवटल्या की वाघाचं काय होतं, हे त्याला पुस्तकातून वाचायची गरज नाही.