हे लेकरू कुणाचं? अनोळखी अस्थींची ओळख कशी पटते

लहान मुलाच्या अस्थी सापडल्याची बातमी आली की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एखादं तरी नाव फिरू लागतं. कुणी हरवलेल्या मुलाचा जुना फोटो टाकतो, कुणी नकाशावर अंतर मोजतो, कुणाला चार वर्षांपूर्वीची एक गाडी आठवते. यामागे बहुतेकदा खरा कळवळा असतो. एखादं लेकरू निनावी गेलं ही गोष्ट माणसाला झोपू देत नाही. पण ओळख प्रत्यक्षात कशी पटते हे माहीत नसेल, तर तोच कळवळा भलत्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

आपल्या पालघर जिल्ह्याचंच पाहा. एका बाजूला तारापूर एमआयडीसीतला परप्रांतीय कामगार, दुसऱ्या बाजूला दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातून वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबं. मुलं आईबापांबरोबर गाव बदलत राहतात. हा विषय इथे नीट समजून घ्यायला हवा तो त्यासाठीच.

पहिला प्रश्न: हाडं माणसाची आहेत का?

गावात अस्थी दिसल्या तर सहसा पहिली खबर पोलीस पाटलाकडून ठाण्यात जाते. हाडं माणसाची की शेळी-कुत्र्याची, हे डॉक्टर ठरवतात. लहान मुलाची हाडं बारीक असतात आणि त्यांची टोकं अजून जुळलेली नसतात. त्यामुळे नवख्याची इथे हमखास फसगत होते. मग अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचांसमक्ष पंचनामा होतो. घातपाताची चिन्हं असतील तर गुन्हा दाखल होतो.

ही पहिली नोंदच चुकली तर काय होतं, याचं उदाहरण पलीकडच्या रायगडात आहे. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात जळालेले मानवी अवशेष सापडले. नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, पण ना अकस्मात मृत्यूची नोंद झाली ना गुन्हा दाखल झाला. ते अवशेष मुंबईच्या शीना बोरा या तरुणीचे असल्याचा तपास उभा राहिला तो थेट ऑगस्ट २०१५ मध्ये. पुढे जून २०२४ मध्ये तर तिच्या अस्थी सापडत नसल्याचं न्यायालयात सांगण्यात आलं आणि नंतर त्या सीबीआयच्या दिल्ली कार्यालयात मिळाल्या. इतक्या गाजलेल्या प्रकरणात हे घडतं, तर निनावी मुलाच्या मुद्देमालाची किती काळजी घ्यावी लागेल?

आपल्याकडे हद्दींचाही गुंता आहे. रुळालगत काही सापडलं तर लोहमार्ग पोलीस. वसई-विरारमध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. उरलेल्या जिल्ह्यात पालघरचे पोलीस अधीक्षक. तलासरी ओलांडली की गुजरात, आणि शेजारी दादरा-नगर हवेली. मूल एका हद्दीतून हरवतं आणि दुसऱ्या हद्दीत सापडतं. दोन्हीकडचे कागद समोरासमोर आले नाहीत तर ती फाईल तशीच पडून राहते.

दात काय सांगतात

मुलाचं वय सांगायला दातांइतका भरवशाचा साक्षीदार नाही. दुधाचे वीस दात साधारण अडीच-तीन वर्षांत पूर्ण येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ फुटते. हिरडीखाली पुढचे दात किती घडले आहेत ते एक्स-रेत दिसतं, म्हणून लहान मुलाचं वय बऱ्याचदा वर्षभराच्या फरकाने सांगता येतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत इतकं नेमकं वय सांगणं फार अवघड असतं.

मुलगा की मुलगी, हे मात्र वयात येण्याआधीच्या हाडांवरून खात्रीने सांगता येत नाही. कंबरेच्या हाडांतला फरक नंतर उमटतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘बालिकेच्या अस्थी’ असं छापून आलं तर ते बहुधा कपड्यांवरून काढलेलं अनुमान असतं, आणि मोठ्या बहिणीचा फ्रॉक घातलेला धाकटा भाऊ आपल्या घरांत नवा नाही. खरं उत्तर डीएनएच देतो.

मृत्यूला किती दिवस झाले हा तर सगळ्यांत निसरडा प्रश्न. कोकणातला उन्हाळा, दमट हवा, पावसाचे लोट, कुत्री, खाडीतले खेकडे यांच्यापुढे लहान देह काही आठवड्यांतही हाडांवर येऊ शकतो. ‘अस्थी आहेत म्हणजे जुनंच प्रकरण’ असं धरून कुणी ताज्या तक्रारी बाजूला ठेवल्या, तर शोधाचा पायाच चुकतो.

करदोटा, वाळा, शिंप्याची शिलाई

पंचनाम्याच्या मजकुरात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती वस्तूंची यादी. कमरेला काळा करदोटा आहे का, त्यात चांदीची घुंगरी ओवली आहे की तांब्याचं नाणं. गळ्यात ताईत असेल तर दोऱ्याचा रंग कोणता, गाठ कशी. पायातला वाळा एकाच पायात आहे की दोन्ही. शाळेच्या गणवेशाचं एक बटण बदललेलं असेल, तर ते कोणत्या रंगाच्या दोऱ्याने शिवलं आहे. चड्डी सैल होती म्हणून कमरेला घातलेली चूण हाताची आहे की मशीनची. लेकराच्या अंगावरचा प्रत्येक टाका कुणीतरी घातलेला असतो, आणि घालणाऱ्या हाताला तो पाहताक्षणी कळतो. दिल्लीजवळच्या निठारीत २००६ च्या डिसेंबरात मुलांचे अवशेष निघाले, तेव्हा कित्येक आईबापांनी आधी ओळखल्या त्या चपला आणि कपडे. डीएनएचे अहवाल नंतर आले.

अनोळखी मृतदेहाची शोधपत्रिका निघते, तीत या वस्तूंचे फोटो उजेडात, जवळून, शेजारी पट्टी ठेवून काढलेले असतील तर अर्धं काम होतं. ‘अंगात लाल रंगाचा फ्रॉक’ एवढ्याच ओळीवर कुणी लेक ओळखावी? ही पत्रिका भट्टीवर, चाळीत, एमआयडीसीच्या फाटकावर, हिंदी-उडियातही लागली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

डीएनए जुळवायला दुसरी बाजू लागते

दातातून किंवा कानामागच्या कठीण हाडातून डीएनए मिळण्याची शक्यता जास्त असते. राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे. पण अस्थींचा डीएनए एकट्याने नाव सांगत नाही. त्याला जुळवायला आई, बाप, भावंडं यांच्यापैकी कुणाचं तरी रक्त लागतं. हाड फार खराब झालं असेल तर आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए तपासतात. तो सख्खी मावशी किंवा आईची आई यांच्याशीही जुळतो. आई हयात नसली तरी वाट बंद होत नाही ती यामुळे.

दिल्लीत खून झालेल्या वसईच्या श्रद्धा वालकरच्या प्रकरणात दिल्लीच्या जंगलात सापडलेल्या हाडांची आणि केसांची ओळख वडील व भावाच्या नमुन्यांवरून पटली. वडिलांनी तक्रार दिली होती, तपास कुठल्या घराकडे न्यायचा हे ठरलेलं होतं. असं घरच माहीत नसेल तर? हरवलेल्यांच्या नातलगांचे आणि अनोळखी मृतांचे नमुने एकाच ठिकाणी ठेवून आपोआप ताडून पाहण्याची तरतूद असलेलं डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. खासगीपणाबद्दलच्या त्यावरच्या शंका रास्त होत्या. पण त्यातला निनावी मृतांचा भाग तरी वेगळा काढून पुढे न्यायला हवा होता.

घरबसल्या शोध घेणारे

हौशी शोधकांनी खरं काम केल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत केंटकी राज्यात १९६८ मध्ये तंबूच्या कापडात गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. टेनेसीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या टॉड मॅथ्यूज यांनी वर्षानुवर्षं तिचा ध्यास घेतला. १९९८ मध्ये त्यांना इंटरनेटवर एका बाईने हरवलेल्या बहिणीसाठी टाकलेली विचारणा दिसली. वर्णन जुळत होतं. त्यांनी ते संबंधितांकडे पोहोचवलं, थडगं उघडलं गेलं आणि डीएनएने शिक्कामोर्तब झालं. मॅथ्यूज यांनी आरोपी शोधला नाही. त्यांनी दोन कागद एकत्र आणले, एक मृतदेहाचा आणि एक शोधणाऱ्या घराचा.

फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९५७ मध्ये पेटीत सापडलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी तर शहरभर पत्रकं वाटली होती. पिढ्यान्‌पिढ्या लोक तर्क लढवत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये डीएनएवरून वंशवेल मांडून त्याचं नाव जाहीर झालं: जोसेफ ऑगस्टस झरेली. तेव्हा या मृत्यूला ६५ वर्षं झाली होती.

बोस्टनची गोष्ट मला जास्त विचारात पाडते. जून २०१५ मध्ये डीअर आयलंडच्या किनाऱ्यावर पिशवीत एका चिमुरडीचा देह सापडला. तिचं संगणकावर बनवलेलं चित्र, ठिपक्यांची लेगिंग आणि ब्लँकेट पोलिसांनी प्रसिद्ध केलं. ते चित्र पाच कोटींहून अधिक लोकांपर्यंत पोहोचलं. देशभरातून नावं सुचवली गेली. सप्टेंबरमध्ये ओळख पटली ती तिच्या आईला ओळखणाऱ्या एका माणसाच्या खबरीने. बेला बाँड अडीच वर्षांची होती आणि ती हरवल्याची तक्रार कुणीच दिलेली नव्हती.

त्याच शहरात २०१३ च्या मॅरेथॉन स्फोटानंतर इंटरनेटवरच्या शोधकांनी भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता, आणि मुलाला शोधत असलेल्या त्या घरावर शिव्याशापांचा पाऊस पडत होता.

राईनपाडा आणि गडचिंचले

आपल्याकडे हा प्रकार शिव्यांवर थांबलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणारे लोक होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूल परत आणून फलक दाखवतात तो शेवट कापून ती पुढे ढकलली गेली. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला, अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. अस्थी सापडल्यावर ‘टोळी आली आहे’ असा मेसेज पुढे पाठवणाऱ्याने ही दोन गावं डोळ्यांसमोर आणावीत.

नाव, फोटो आणि कायदा

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित बालकाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराची शक्यता असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पोक्सोही लागू होतात. पीडिता मरण पावली तरी तिचं नाव उघड करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं आहे. ओळख पटवण्यासाठी फोटो प्रसिद्ध करायचा निर्णय पोलिसांचा. त्यांनी काढलेली पत्रिका जशीच्या तशी पुढे पाठवा, तिच्याखाली आपला तर्क जोडू नका. काही आठवलं तर ते पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर सांगा.

तक्रारच नसलेलं मूल

१० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि अपहरण किंवा तस्करीची शक्यता धरूनच तपास करायचा. चोवीस तास थांबायचं हा समज खोटा आहे. हद्दीचं कारणही चालत नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. पण हे सगळं तक्रार द्यायला कुणी आलं तर.

सुरतेत एप्रिल २०१८ मध्ये एका मुलीचा जखमांनी भरलेला देह सापडला. पोलिसांनी पोस्टर लावली, बक्षीस लावलं, हरवलेल्या मुलांच्या याद्या चाळल्या. आंध्रातलं एक कुटुंब ती आपली मुलगी असावी म्हणून धावत आलं. ती त्यांची नव्हती. जवळच्याच भागात सापडलेला एका स्त्रीचा देह तिच्या आईचा असल्याचं डीएनएने सिद्ध झालं. दोघींना राजस्थानातून मजुरीसाठी आणलं होतं. तक्रार जिने द्यायची तीच मारली गेली होती. या प्रकरणात २०२२ मध्ये शिक्षा झाली.

सुरत बोईसरपासून रेल्वेने काही तासांवर आहे, आणि मजुरांना आणण्या-नेण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. मुकादमाच्या वहीत उचल घेतलेल्या जोडप्याचं नाव असतं, पोरांचं नसतं. पोराचं नाव असतं ते मूळ गावच्या अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत आणि शाळेच्या हजेरीपटावर. महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये स्थलांतरित कुटुंबांचा मागोवा ठेवणारी प्रणाली निवडक जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत पालघर होता. हेतू पोषण आहाराचा. पण मोखाड्याहून निघालेलं नाव भट्टीजवळच्या अंगणवाडीत पोहोचलं नाही, किंवा जूनमध्ये घर परतलं आणि एक मूल कमी भरलं, तर सेविकेने वा गुरुजींनी त्याच आठवड्यात विचारणा करावी. उत्तर मिळालं नाही तर १०९८ वर कळवावं, आणि आजी किंवा मावशी गावात आहे तोवरच तिचं नाव-गाव त्या तक्रारीत लिहून घ्यावं.