मार्शल आणि एअर मार्शल: शब्द एक, मान वेगळा

चंदीगढला सहलीला गेलेली मराठी कुटुंबे रॉक गार्डन आणि सुखना तलाव पाहिल्याशिवाय परतत नाहीत. मे २०२३ मध्ये सेक्टर १८ मध्ये भारतीय हवाई दलाचे हेरिटेज सेंटर सुरू झाले आणि पाहण्यासारख्या ठिकाणांत आणखी एकाची भर पडली. तिथली विमाने पाहून मुले हरखून जातात. पण एअर मार्शल आणि मार्शल यांत मोठा कोण, असे त्यांनी विचारले की आईबाबाच एकमेकांकडे पाहू लागतात.

पागेतून आकाशात

मार्शल हा शब्द मूळचा घोड्यांच्या पागेतला. जुन्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ होता, घोड्यांची निगा राखणारा सेवक. राजाची पागा सांभाळता सांभाळता या माणसाचे दरबारात वजन वाढले आणि पुढे हाच शब्द सेनापतीच्या हुद्द्याला चिकटला. १९१९ मध्ये ब्रिटनने आपल्या हवाई दलासाठी वेगळे हुद्दे ठरवले आणि पागेतला मार्शल आकाशात पोचला.

फरक ताऱ्यांचा

एअर मार्शल म्हणजे तीन ताऱ्यांचा अधिकारी, भूदलातील लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा. त्याच्या वर चार ताऱ्यांचा एअर चीफ मार्शल, म्हणजे हवाई दलप्रमुख. २०२१ ते २०२४ या काळात हा मान नांदेड जिल्ह्याच्या विवेक राम चौधरी यांच्याकडे होता.

सर्वांत वर पाच ताऱ्यांचा ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’. हा हुद्दा आजवर एकालाच मिळाला, अर्जन सिंग यांना. १९६५ च्या युद्धात हवाई दलाचे नेतृत्व त्यांनी केले, तेव्हा ते एअर मार्शलच होते. १९६६ मध्ये ते पहिले एअर चीफ मार्शल झाले, १९६९ मध्ये निवृत्त झाले आणि २००२ मध्ये मार्शल.

निवृत्ती नसलेला हुद्दा

खरा फरक इथेच आहे. एअर मार्शल सेवेतून बाहेर पडला की त्याच्या नावापुढे ‘निवृत्त’ लागते. मार्शलच्या नावापुढे ते कधीच लागत नाही. फील्ड मार्शल माणेकशा आणि करिअप्पा यांचेही तसेच. हा हुद्दा तहहयात असतो.

जुलै २०१५ मध्ये डॉ. कलाम यांचे पार्थिव दिल्लीत आणले गेले, तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग चाकांच्या खुर्चीतून आले होते. ते खुर्चीतून उठले, उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवशीही ते मार्शलच होते.